निळी बाळे : जन्मजात हृदयदोषांची ओळख



हृदयाची आकृती आपण विज्ञानाच्या वहीत काढतो. चार कप्पे दाखवतो, एक बाजू लाल आणि एक निळी रंगवतो, नावे देतो आणि गुण मिळवतो. हेच चार कप्पे आईच्या पोटात घडत असताना काही बाळांच्या बाबतीत घडण अपुरी राहते. कुठे पडद्याला छिद्र राहते, कुठे झडप अरुंद होते, कुठे एखादी मोठी रक्तवाहिनी चुकीच्या कप्प्यातून निघते. यांना जन्मजात हृदयदोष म्हणतात.

दर १००० जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांमध्ये असा दोष आढळतो. आपल्या देशात वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी बाळे जन्मतात. गुणाकार करून पाहा, उत्तर २ लाखांच्या आसपास येईल. यातील बरेचसे दोष साधे असतात. पडद्यातील लहान छिद्रे तर पुष्कळदा आपोआप बुजतात. पण सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षातच उपचार लागतात. त्यांतील काही दोष दुर्मिळ आणि गुंतागुंतीचे असून त्यांत बाळ निळसर दिसते. या पाठात त्या निळ्या बाळांचीच माहिती घेऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. यातील बहुतेक दोषांवर आज शस्त्रक्रिया होऊ शकते, पण प्रत्येक दोषाची एक वेळ असते. ती टळली की तोच उपचार अवघड होतो, कधी अशक्यही होतो.

१. निरोगी हृदय काय करते?

हृदयात वर दोन अलिंद आणि खाली दोन निलय असतात. (आजी-आजोबांच्या पुस्तकात यांना कर्णिका आणि जवनिका म्हटले होते.) शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुस धमनीतून फुप्फुसांकडे जाते. तेथे ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात येते आणि महाधमनीतून सर्व शरीराला पोहोचते. दोन्ही बाजूंच्या मध्ये पडदा असतो. घरात नळाचे पाणी आणि मोरीचे पाणी वेगळ्या नळ्यांतून वाहते, तसेच हे आहे. दोन्ही प्रवाह वेगळे राहिले पाहिजेत.

ऑक्सिजन भरपूर असलेले रक्त लालभडक असते, ऑक्सिजन कमी झालेले रक्त काळपट लाल असते. हे काळपट रक्त फुप्फुसांकडे न जाता थेट शरीरात मिसळू लागले, की ओठ, जीभ आणि नखे निळसर दिसू लागतात. निळ्या बाळाच्या निळेपणाचे कारण एवढेच आहे.

करून पाहा : मनगटावर दोन बोटे ठेवून एका मिनिटाचे ठोके मोजा. ते ८० भरले, तर दिवसाचे किती होतील? ८० गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे १,१५,२०० ठोके. हृदय हे काम गर्भधारणेनंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू करते आणि मग थांबत नाही.

२. आईच्या पोटातील दोन वाटा

पोटातले बाळ श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन आईच्या रक्तातून, नाळेवाटे मिळतो. त्यामुळे त्याच्या फुप्फुसांकडे फार रक्त जाण्याची गरज नसते. यासाठी निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. एक म्हणजे दोन अलिंदांमधील पडद्यातील झरोका. दुसरी म्हणजे फुप्फुस धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक लहान नळी. बाळ जन्मले, रडले, फुप्फुसे हवेने भरली, की या वाटांचे काम संपते. नळी बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत बंद होते.

हे नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळ घरांत फसगत येथेच होते. काही गंभीर दोषांत बाळाचे प्राण या नळीवरच टिकून असतात. जन्मताना बाळ गुटगुटीत दिसते, चांगले रडते, सर्वजण पेढे वाटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नळी मिटू लागते आणि बाळ निळे पडते, दूध ओढत नाही, मलूल होते. “काल तर चांगले होते, दृष्ट लागली असेल” असे म्हणून एक रात्र घालवली, तर तीच रात्र महागात पडते. अशा वेळी रुग्णालयात प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून देऊन ती नळी काही काळ उघडी ठेवता येते आणि शस्त्रक्रियेसाठी वेळ मिळवता येतो.

३. फॅलोचे चतुष्टय

निळ्या बाळांच्या दोषांत सर्वांत परिचित दोष हा आहे. डॉक्टर याला टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो म्हणतात. दर १०,००० जन्मांत साधारण ३ ते ४ बाळांना तो असतो. फ्रान्समधील मार्सेय शहरातील डॉक्टर एतिएन फॅलो यांनी १८८८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव पडले. चतुष्टय म्हणजे चार गोष्टींचा समूह. त्या चार गोष्टी अशा :

(अ) दोन निलयांमधील पडद्यात मोठे छिद्र.
(आ) फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद.
(इ) महाधमनी आपल्या जागेवरून सरकून त्या छिद्राच्या वर आलेली.
(ई) अरुंद वाटेतून जोर लावावा लागत असल्याने उजव्या निलयाची भिंत जाड झालेली.

फुप्फुसांची वाट अरुंद, शेजारी मोठे छिद्र, वर महाधमनीचे तोंड. अर्थातच काळपट रक्त सोपी वाट धरते आणि शरीरात जाते. वाट किती अरुंद आहे यावर बाळ किती निळे दिसेल हे ठरते. काही बाळे सुरुवातीला मुळीच निळी दिसत नाहीत. वय वाढते, तसा निळेपणा उमटतो.

या मुलांची एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खेळता खेळता धाप लागली, की ती उकिडवी बसतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. उकिडवे बसल्याने पायांकडील धमन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या वाटेत अडथळा वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. मुलाला बरे वाटते. शिक्षकाला किंवा आईला मात्र वाटते, की मूल आळशी आहे, खेळात लक्ष नाही.

लहान बाळाला रडताना किंवा सकाळी उठल्यावर अचानक निळेपणाचा झटका येऊ शकतो. अशा वेळी बाळाचे गुडघे पोटाशी दुमडून छातीकडे धरावेत, त्याला शांत करावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. झटका आपोआप ओसरला तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.

४. आणखी काही दुर्मिळ दोष

मोठ्या धमन्यांची अदलाबदल : यात महाधमनी उजव्या निलयातून आणि फुप्फुस धमनी डाव्या निलयातून निघते. शरीराचे रक्त शरीरातच आणि फुप्फुसांचे रक्त फुप्फुसांतच फिरत राहते. झरोका आणि नळी उघडी असेपर्यंतच बाळ तग धरते. १९७५ साली ब्राझीलमधील साओ पाउलो येथे डॉ. अदिब जातेने यांनी दोन्ही धमन्या कापून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ही शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते. उशीर झाला तर डावा निलय कमी दाबाच्या कामाला सरावतो आणि मग शरीरभर रक्त ढकलण्याचे त्याचे बळ उरत नाही. वेळेची मर्यादा म्हणतात ती ही.

त्रिदली झडप न बनणे : उजव्या अलिंदातून निलयात जाणारे दारच तयार होत नाही आणि उजवा निलय लहान राहतो. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. फ्राँस्वा फोंताँ यांनी १९६८ पासून यासाठी जी पद्धत विकसित केली, तिच्यात शरीराकडून आलेले रक्त निलयाला वगळून थेट फुप्फुसांकडे नेले जाते. आज ही शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने करतात.

फुप्फुसांच्या शिरांची चुकीची जोडणी : फुप्फुसांतून येणारे शुद्ध रक्त डाव्याऐवजी उजव्या बाजूला येऊन मिळते. शिरांत अडथळा असेल तर बाळाला पहिल्याच दिवसांत शस्त्रक्रिया लागते. ती वेळेवर झाली, तर यातील पुष्कळ मुले पुढे सर्वसाधारण आयुष्य जगतात.

डाव्या बाजूची अपुरी वाढ : डावा निलय आणि महाधमनीचा आरंभ अगदी लहान राहतो. हा सर्वांत कठीण दोषांपैकी एक असून त्यासाठी एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागतात.

५. बाल्टिमोरमधील तीन माणसे

१९४४ पर्यंत निळ्या बाळांसाठी डॉक्टरांकडे फारसे काही नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग या मुलांचे हृदयविकार पाहत असत. त्यांना नीट ऐकू येत नसे. स्टेथॉस्कोपऐवजी त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयाची थरथर ओळखत. वर सांगितलेली नळी मिटली की काही बाळांची प्रकृती ढासळते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग तशीच एक वाट शस्त्रक्रियेने का तयार करू नये, असा प्रश्न त्यांनी शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे ठेवला.

ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे सहायक होते. ते कृष्णवर्णीय होते. वैद्यकीय शिक्षणासाठी सुतारकाम करून साठवलेले पैसे १९२९ नंतरच्या मंदीत बँक बुडाल्याने गेले आणि महाविद्यालय राहून गेले. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांची नोंद आणि पगार सफाई कामगाराच्या श्रेणीतला होता. प्रत्यक्षात कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया कशी करावी हे त्यांनी बसवले. बाळाच्या नाजूक रक्तवाहिन्यांसाठी बाजारातल्या सुया कापून, घासून त्यांनी लहान केल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या आणि जेमतेम ४ किलो वजनाच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुस धमनीला जोडण्यात आली. थॉमस यांना ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे केले होते. ते खांद्यावरून पाहून सूचना देत होते. ती मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी तिचे निधन झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये सहा वर्षांच्या एका मुलाचे ओठ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निळ्याचे गुलाबी झाले, आणि मग देशोदेशीचे पालक बाल्टिमोरची वाट धरू लागले.

त्या शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक-टॉसिग असे नाव मिळाले. थॉमस यांचे नाव त्यात नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १९७६ साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आज अनेक डॉक्टर त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमस हेही नाव जोडतात. टॉसिग १९६५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

ही जोडवाट म्हणजे तात्पुरता दिलासा होता. हृदय उघडून फॅलोचा दोष पूर्ण दुरुस्त करण्याचे काम अमेरिकेतच, मिनेसोटा येथे, डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ साली केले. त्या वेळी शस्त्रक्रिया चालू असताना लहान मुलाचे रक्ताभिसरण एका निरोगी मोठ्या माणसाच्या, पुष्कळदा आईच्या किंवा वडिलांच्या, शरीराला जोडून चालू ठेवीत. आता ते काम हार्ट-लंग मशीन करते. फॅलोची पूर्ण दुरुस्ती आज बहुधा पहिल्या वर्षातच करतात.

६. चूक कोणाची?

बाळाला हृदयदोष आहे असे कळले, की घरात पहिला प्रश्न आईकडे जातो. तू ग्रहणात काही चिरलेस का? जड उचललेस का? अमुक खाल्लेस का? पालकहो, ग्रहणाचा आणि हृदयदोषाचा काहीही संबंध नाही. हृदयाची मुख्य घडण गर्भधारणेच्या पहिल्या आठ आठवड्यांतच होते. पुष्कळ स्त्रियांना तेव्हा दिवस गेल्याचेही नुकतेच कळलेले असते.

बहुतेक बाळांत निश्चित असे एक कारण सापडत नाही. काही कारणे मात्र माहीत आहेत : गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला, आटोक्यात नसलेला मधुमेह, काही औषधे, मद्यपान आणि डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष. जवळच्या नात्यातील विवाहातही धोका थोडा वाढतो. रुबेला टाळता येतो. गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली आहे. मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेआधीच साखर आटोक्यात आणावी. गरोदरपणी १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे कप्पे पाहिले जातात, ती चुकवू नये.

७. घरी काय पाहावे?

आपल्याकडील सावळ्या वर्णात निळेपणा सहज कळत नाही. म्हणून गालाकडे न पाहता जीभ, हिरड्या आणि नखे दिवसाच्या उजेडात पाहावीत. थंडीने फक्त हातपाय निळसर होणे वेगळे, जीभ निळी होणे वेगळे. त्याखेरीज या खुणा :

• दूध पिताना बाळ दमते, थांबत थांबत पिते, कपाळावर घाम येतो.
• शांत झोपलेले असतानाही श्वास जलद चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण आहे.
• वजन वाढत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो.
• मोठ्या मुलात बोटांची टोके फुगीर आणि नखे गोलसर होतात.

२०२० च्या कोरोनाकाळात घरोघर आलेले पल्स ऑक्सिमीटर सर्वांना आठवत असेल. जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला तसेच यंत्र लावून ऑक्सिजन मोजला, तर काही गंभीर दोष घरी जाण्यापूर्वीच कळतात. आकडा ९५ किंवा त्याहून अधिक असावा. प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी ही तपासणी झाली का, असे जरूर विचारावे.

हेही लक्षात असू द्या, की डॉक्टरांनी “हृदयात आवाज आहे” म्हटले म्हणजे आजार आहेच असे नाही. कित्येक निरोगी मुलांत असा निरुपद्रवी आवाज ऐकू येतो. इकोकार्डिओग्राफी केली की शंका फिटते. ही तपासणी दुखत नाही, टोचत नाही.

८. वर्गात काय पाहावे?

खेळाच्या तासाला एखादे मूल वारंवार उकिडवे बसत असेल किंवा जिने चढताना थांबत असेल, तर त्याला ओरडू नये, पालकांना कळवावे. निळ्या मुलांचे रक्त घट्ट होण्याकडे कल असतो. आपल्या वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कमी पडता कामा नये, म्हणून तासाला पाणी पिण्याची मुभा असावी. दात किडले, तर तेथील जंतू रक्तावाटे हृदयाला अपाय करू शकतात. तेव्हा दोन वेळा दात घासणे हा या मुलांच्या उपचाराचाच भाग आहे.

शस्त्रक्रिया होऊन आलेल्या मुलाचे छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दप्तर मित्राने उचलावे. पुढे कोणते खेळ खेळावेत हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून ठरवावे, आपल्या भीतीवरून नव्हे. मुलांनो, त्याच्या छातीवरील व्रणावरून त्याला चिडवू नका. फॅलोची दुरुस्ती झालेल्यांना मोठेपणीही ठरावीक काळाने तपासणी लागते, कारण फुप्फुस धमनीची झडप पुढे गळू शकते. “आता बरा झाला” म्हणून फाइल माळ्यावर टाकू नये.

९. कोठे जावे? खर्चाचे काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या आजारांची तपासणी त्यात होते, त्यांत जन्मजात हृदयदोष आहे. आरोग्य पथके अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत येतात आणि निवडलेल्या मुलांना पुढील उपचार विनामूल्य मिळतात. गुजरातेत अशा मुलांच्या हृदय शस्त्रक्रिया शाळा आरोग्य कार्यक्रमाखाली अहमदाबादच्या यू. एन. मेहता हृदयरोग संस्थेत होतात. नवी मुंबईत खारघर येथील आणि छत्तीसगडमध्ये नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयांतही मुलांच्या हृदय शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. तेव्हा पैसे नाहीत म्हणून बाळाला घरी ठेवण्याआधी चौकशी करा.

आणखी एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात असे दिसले, की हृदय शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या मुलींपैकी प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण मुलांच्या मानाने बरेच कमी होते. पैसा, तिच्या लग्नाची काळजी, छातीवरचा व्रण, अशी कारणे घरांत पुढे येतात. व्रण कपड्याखाली झाकता येतो. गेलेली वेळ भरून काढता येत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यामुळे प्रत्येक घरातील मूल, मुलगीसुद्धा, शाळेच्या दारी आले. डॉक्टरांपर्यंत न पोहोचणारे मूल शाळेपर्यंत पोहोचते. विश्वस्त मंडळास विनंती, की वार्षिक आरोग्य तपासणीत प्रत्येक मुलाच्या छातीला स्टेथॉस्कोप आणि बोटाला ऑक्सिमीटर लागेल हे पाहावे, आणि ज्याला पुढे पाठवले ते मूल खरोखर रुग्णालयात गेले का, याची नोंद शाळेने ठेवावी.

स्वाध्याय

१. हृदयाची आकृती काढून रक्ताची वाट बाणांनी दाखवा. दुसऱ्या आकृतीत फॅलोच्या चार गोष्टी दाखवा.
२. जन्मताना गुटगुटीत दिसणारे बाळ तिसऱ्या दिवशी निळे का पडू शकते?
३. उकिडवे बसल्याने मुलाला बरे का वाटते?
४. धमन्यांच्या अदलाबदलीत शस्त्रक्रिया पहिल्या आठवड्यांतच का करावी लागते?
५. व्हिव्हियन थॉमस यांच्या कामाची पाच वाक्यांत माहिती लिहा.
६. सातव्या भागातील खुणा घरी मोठ्याने वाचून दाखवा. शेजारीपाजारी तान्हे बाळ असेल, तर त्याच्या आईलाही सांगा.